नार्निया की टेराबिथिया? सुट्टीत मुलांना आधी कोणता दाखवावा

'द क्रॉनिकल्स ऑफ नार्निया' आणि 'ब्रिज टू टेराबिथिया' या दोन्ही इंग्रजी चित्रपटांच्या गोष्टी ढोबळमानाने माहीत असतीलच, म्हणून त्या सांगत बसत नाही. शेवट मात्र उघड करणार आहे. मुलांना काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या मोठ्या माणसाला तो आधी ठाऊक असलेला बरा.

मे महिन्यात सोलापुरात अकरा ते पाच मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. गेल्या सुट्टीत आमच्याकडे पुतण्या, नऊ वर्षांची पुतणी आणि बार्शीहून आलेली दोन भाचरं होती. शिवाय पुतणीचा जिवलग दोस्त, शेजारचा मुलगा. त्याच्या घरी माग आहे. तो घरात तेलुगू बोलतो, आमच्याकडे मराठी.

आधी २००५चा नार्निया लावला. सव्वादोन तासांहून मोठा, तरी कुणी जागचं हललं नाही. चार भावंडांतली धाकटी ल्यूसी कपाटातले कोट बाजूला सारत नार्नियाच्या बर्फात पाऊल टाकते, तेव्हा बाहेर ऊन रणरणत होतं आणि खोलीत पाचही पोरं गप्प झाली होती. भव्यतेत टेराबिथिया त्याच्या जवळपासही नाही, हे आधीच मान्य करतो. ल्यूसी आणि बकऱ्याच्या पायांचा टमनस यांचा चहाचा प्रसंग तर मला आजही फार आवडतो.

अडचण दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मुलं जे बघतात ते खेळतात. गच्चीच्या जिन्यात नार्निया सुरू झालं आणि त्या गोष्टीत सिंहासनं चारच आहेत. दुष्ट चेटकिणीचं राज्य संपून दोन मुलगे आणि दोन मुली त्यांवर बसतील अशी भविष्यवाणी, आणि ती चौघं सख्खी भावंडं. आमच्या घरची पोरं नेमकी चार, दोन मुलगे, दोन मुली. शेजारचा मुलगा चेटकिणीचा लांडगा झाला. दुसऱ्या दिवशीही लांडगा, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तो आलाच नाही. पुतणी त्याला बोलवायला गेली, तर म्हणाला, "आज मागावर काम आहे." दहा वर्षांच्या मुलाला मागावर कसलं काम!

यात चित्रपटाचा दोष किती आणि आमच्या पोरांचा किती, हे मला नेमकं सांगता येणार नाही. तुमच्या घरी कदाचित असं होणारही नाही. पण ते राज्य आधीपासून तयार असतं, त्याचे राजे-राण्याही आधीच ठरलेल्या असतात आणि दोस्ताला तिथे प्रजेतच जागा मिळते, हे त्यानंतर माझ्या मनातून गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात २००७चा टेराबिथिया लावला. हा दीड तासाच्या आसपास संपतो. पोस्टर पाहून राक्षस आणि लढाया मिळतील असं वाटतं, पण त्या थोड्याच आहेत. भाचरं मध्यात चुळबुळ करायला लागली, हे खरं. इथे राज्य कुणी देत नाही. शेजारी राहायला आलेली लेस्ली आणि चित्रं काढणारा जेस, दोरीला लटकून ओढा ओलांडतात आणि पलीकडच्या रानात टेराबिथिया हे राज्य स्वतः रचतात. शाळेत छळणारी मुलगी तिथे राक्षसीण होते. नात्यागोत्याचा प्रश्नच येत नाही.

मग ती दोरी तुटते. जेस त्या दिवशी शाळेतल्या बाईंबरोबर संग्रहालय बघायला गेलेला असतो, लेस्लीला सोबत न घेता, आणि लेस्ली ओढ्यात बुडून जाते. नार्नियात सिंह अस्लान मरून परत उठतो, लेस्ली परत येत नाही. मूळ कादंबरी १९७७ची. लेखिकेच्या मुलाची आठ वर्षांची मैत्रीण १९७४मध्ये वीज पडून गेली, त्या दुःखातून ती लिहिली गेली. तो मुलगा पुढे मोठा होऊन या चित्रपटाच्या पटकथालेखकांपैकी एक झाला. त्यामुळे असेल, पण जेसचा राग, त्याचा अपराधीपणा, काहीही घाईने आवरतं घेतलेलं वाटत नाही. शेवटी जेस पूल बांधून धाकट्या बहिणीला पलीकडे नेतो. इथे भावंडाला राज्यात जागा मिळते ती दोस्तानंतर.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गच्चीवर दोन खाटांमध्ये चादरी बांधल्या गेल्या, चार आमच्या आणि दोन शेजारच्या मुलाच्या घरच्या. आत शिरायचा परवलीचा शब्द ठरला 'रा', म्हणजे तेलुगूत 'ये'. तो शब्द त्यानेच दिला. नंतर भाचरंही 'रा' म्हणतच आत शिरायची.

मुलं सात वर्षांच्या आतली असतील किंवा घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर नार्नियाच लावा. एरवी माझा कल टेराबिथियाकडे. फक्त तो रात्री लावू नका. आम्ही रात्री लावला होता. संपल्यावर पुतणी काही बोलली नाही. गॅलरीत जाऊन शेजारच्या घरात दिवा दिसतो का, हे बघत बराच वेळ उभी राहिली. दुपारी तीनला सुरू केलात, तर संपेपर्यंत ऊन उतरायला लागतं आणि मुलांना लगेच एकमेकांकडे जाता येतं.