जांगड, रोख की घरातलं जुनं सामान? मंडळाच्या स्टॉलचा हिशेब

नोव्हेंबरच्या हॉलिडे बझारात स्टॉल घ्यायचा, भारत-नेपाळ-केनियाच्या कारागिरांच्या वस्तू विकायच्या आणि नफा गावातल्या फूड बँकेला द्यायचा, असा बेत अमेरिकेतल्या तुमच्या मंडळात शिजत असेल, तर माल मागवायच्या आधी हे वाचा. आम्ही हा उद्योग तीन वर्षं तीन तऱ्हांनी केला. पहिल्या वर्षीचे अकरा वारली ट्रे अजून माझ्या बेसमेंटमध्ये आहेत.

अडचण अशी की इथे एकाच डॉलरवर दोघांचा हक्क असतो. एक, ज्याने वस्तू घडवली तो. दुसरी, जिच्या नावाने आपण पाटी लावली ती संस्था. दोघांनाही भरपूर देऊ, असं कमिटीत सगळे म्हणतात. गल्ला मोजायला बसलं की समजतं.

आकडे मांडून बघू. समजा, वस्तू १२ डॉलरला घाऊक घेतली आणि २४ ला विकली. घाऊकच्या दुप्पट किंमत लावायची दुकानदारीत रीतच आहे. चाळीस नग रोखीने घेतले तर ४८० डॉलर आधीच गेले. चोवीस खपले तर आले ५७६. म्हणजे हातात ९६, आणि सोळा नग घरी. स्टॉलचं भाडं ७५ असेल तर फूड बँकेला २१ डॉलर. एवढे तर कमिटीने नुसत्या चहात उडवलेले असतात.

आता हाच माल जांगडीवर आणला असं समजा. खपेल त्याचे पैसे द्यायचे, उरेल ते परत पाठवायचं. विक्रीवर २० टक्के आपले धरले, तर चोवीस नगांवर, भाडं वजा करायच्या आधी, ११५ डॉलर मिळतात आणि घरात काही उरत नाही. परतीचं टपाल कोणाच्या माथी, एवढं मात्र आधीच विचारून ठेवा. चाळीसातले बरोबर पंचवीस खपले तर दोन्ही वाटा भाड्याआधी १२० वर येऊन मिळतात. त्याच्यापुढे रोख सरस: सगळे चाळीस गेले तर रोखीत ४८०, जांगडीत १९२. तेव्हा पंचवीसचा आकडा गाठायची खात्री नसेल, तर पहिल्या वर्षी रोखीच्या वाटेला जाऊ नका. आम्हाला खात्री होती. ट्रे त्याचे साक्षीदार आहेत.

जांगडीत एक मेख आहे. न खपलेल्या मालाचा भार कोणीतरी उचलतंच. कारागिरांचा माल विकणाऱ्या ‘सर्व्ह’सारखी संस्था मध्ये असेल तर तो तिच्यावर पडतो. चर्च ऑफ द ब्रेदरन या पंथाने १९४९ मध्ये युरोपातल्या निर्वासितांसाठी ही संस्था काढली. जर्मनीतली कुकू घड्याळं हा तिचा सुरुवातीचा माल. अशा संस्था कारागिराचे पैसे आधीच चुकते करतात. हस्तकलेच्या मालाला मागितल्यास निदान ५० टक्के आगाऊ द्यावेत, हा जागतिक फेअर ट्रेड (कारागिराला रास्त दाम देणारा व्यापार) संघटनेचा नियमच आहे. पण ओळखीच्या बचत गटाकडून थेट जांगडीवर माल आणाल, तर दिवाळीत शिवलेल्या पिशवीचे पैसे त्या बाईला होळीला मिळणार. त्यांच्याकडून घ्यायचं तर निम्मे आगाऊ द्या, बाकीचे माल निघताना, आणि उरलेलं नशीब आपलं.

तिसरी वाट, म्हणजे घरातलं जुनं सामान, आम्हाला मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांकडे बघून सुचली. १९४६ मध्ये एडना रूथ बायलर पोर्तो रिकोला गेल्या, तिथल्या बायकांचं भरतकाम पाहिलं, आणि पेन्सिल्वेनियातल्या अ‍ॅक्रन गावी परत आल्यावर ते गाडीच्या डिकीतून विकायला लागल्या. पुढे त्याचंच ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ हे कारागिरांच्या वस्तूंच्या दुकानांचं जाळं झालं. हे नाव १९९६ चं. बायलरबाईंचा हिशेब सरळ होता: विक्री हीच मदत. त्यातून आणखी कोणासाठी देणगी काढायची नव्हती. त्याच मेनोनाइट मंडळींनी १९७२ मध्ये कॅनडात, मॅनिटोबातल्या अल्टोना गावी, पहिलं थ्रिफ्ट शॉप उघडलं. तिथे माल लोकांनी फुकट दिलेला, विकणारे बरेचसे स्वयंसेवक. खर्च वजा जाता उरेल ते मदतकार्याला. पंथ एकच, हिशेबाच्या वह्या मात्र दोन. आणि २०२० मध्ये टेन थाउजंड व्हिलेजेसच्या कॅनडा शाखेला घाऊक विक्री आणि बहुतेक दुकानं बंद करावी लागली. कारागिराला रास्त पैसे देऊन वर दुकान चालवणं किती कठीण आहे, ते यावरून दिसतं.

म्हणून फूड बँकेला पैसे हवे असतील तर घरातलं जुनं काढा. एकदाच नेसलेल्या साड्या, लग्नात आलेला तिसरा प्रेशर कुकर, मुलांची कोडी. मुद्दल शून्य. करातही हे सोपं पडतं: देणगीत आलेला माल विकणं किंवा जवळजवळ सगळं काम बिनपगारी लोकांनी करणं, या दोन्हींना धर्मादाय संस्थेच्या धंद्यावरच्या संघीय करातून सूट आहे. विक्रीकराचे नियम राज्यागणिक वेगळे, ते खजिनदाराला बघू द्या.

पैसे गावात न ठेवता महाराष्ट्रात पाठवायचे असतील तर हिशेब उलटा होतो. तिथल्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याची) नोंदणी लागते, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. छोट्या महिला गटाकडे हे कुठून असणार? पण रीतसर व्यापारात मालाची किंमत म्हणून दिलेले पैसे त्या कायद्यात ‘परदेशी देणगी’ धरले जात नाहीत. म्हणजे त्यांचा माल विकत घेणं हीच त्यांना मदत पोचवायची सरळ वाट. मुंबईत अंधेरीच्या वस्त्यांतल्या बायकांची ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ १९८४ पासून याच धोरणावर उभी आहे. फक्त भारतातून पार्सलं मागवताना जुने अंदाज धरू नका. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातीची सूट अमेरिकेने ऑगस्ट २०२५ अखेर बंद केली.

काय खपतं, याबद्दल एकच सांगते. दुसऱ्या वर्षी जांगडीत हैतीची पत्र्याची पाखरं आली होती. तेलाचं रिकामं पिंप घ्यायचं, दोन्ही झाकणं कापायची, आत पाचट घालून पेटवायचं म्हणजे उरलंसुरलं तेल आणि रंग जळून जातो, मग पिंप उभं चिरून ठोकून सपाट करायचं आणि छिन्नी-हातोड्याने त्यातून पाखरू काढायचं. हे चिठ्ठीवर लिहिलं होतं तोवर दोन गेली. शेजारच्या काकूंनी पाखरू हातात घेऊन पाठीमागची हातोड्याची ठोक दाखवत सांगायला सुरुवात केली, तेव्हा दीड तासात नऊ गेली. बोलणारं माणूस नसेल तर कोणत्याच तऱ्हेचा उपयोग नाही.

यंदा आम्ही दोन टेबलं लावतोय: एकावर जांगड, दुसऱ्यावर जुनं सामान, आणि गल्लेही दोन. वारली ट्रे जुन्याच्या टेबलावर काढून टाकू म्हटलं, तर काकू भडकल्या. “अगं, कोणाचं तरी आठवडाभराचं काम आहे ते, कुकरच्या शेजारी पाच डॉलरला लावतेस?” त्यामुळे ट्रे बेसमेंटमध्येच आहेत. संक्रांतीला वाणात वाटायचे ठरलेत.