नामफलकासाठी स्टँडऑफ स्टड: धातू, लांबी आणि भिंत यांचा तुलनात्मक आढावा

दवाखाना, वकिलाचे कार्यालय किंवा सोसायटीचे प्रवेशद्वार येथे ॲक्रिलिकची किंवा काचेची पाटी भिंतीपासून थोडी पुढे धरणारे चार गोल स्टड आता सर्रास दिसतात. हार्डवेअरच्या दुकानात त्यांना स्टड किंवा स्पेसर म्हणतात. खरेदीच्या वेळी चर्चा बहुधा त्यांच्या चकाकीवर होते. माझ्या मते मात्र निर्णय दोन प्रश्नांवर घ्यावा: पाटी कोणत्या हवेत राहणार आहे आणि स्क्रू कोणत्या भिंतीत जाणार आहे.

पाटी हलकी आणि घराच्या आतल्या गुळगुळीत दारावर लावायची असेल, तर दुहेरी चिकटपट्टी पुरते. मिरर स्क्रू, म्हणजे डोक्यावर चकचकीत टोपी बसणारा साधा स्क्रू, स्वस्त पडतो, पण तो पाटी भिंतीला टेकवून बसवतो, त्यामुळे पावसाळ्यात मागे ओल अडकते आणि रंगाला पोपडे येतात. स्टडमुळे मागून हवा खेळती राहते, आणि बाहेरच्या भिंतीसाठी मला तोच योग्य वाटतो. पाटीला छिद्र पाडायचे नसेल, तर कडेने चिमटीत धरणारे स्टडही मिळतात. काचेच्या बाबतीत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण टफन्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या) काचेला छिद्रे ती टफन करण्यापूर्वीच पाडावी लागतात. नंतर ड्रिल लावल्यास संपूर्ण काच फुटते.

धातूंच्या निवडीत सर्वाधिक फसगत स्टेनलेस स्टीलमध्ये होते. 304 या दर्जात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, तर स्वस्त 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. नवे असताना दोन्ही सारखेच चमकतात आणि लोहचुंबक दोन्हींना फारसे चिकटत नाही, त्यामुळे चुंबक लावून केलेली परीक्षा येथे निरुपयोगी आहे. दर्जा बिलावर लिहून घेणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. पुणे किंवा नाशिकच्या हवेत बाहेरच्या भिंतीवर 304 पुरेसे आहे. मुंबईचा किनारा, अलिबाग, रत्नागिरी किंवा गोवा येथे समुद्राच्या खाऱ्या हवेत 304 वरही तपकिरी डाग पडतात, म्हणून तेथे मॉलिब्डेनम असलेले 316 घ्यावे. चार स्टडांपुरता दरातला फरक सोसण्याजोगा असतो. पितळ जुन्या वाड्याच्या दाराशी शोभते, पण ते काळवंडते आणि त्याला नियमित पॉलिश लागते. ॲनोडाइज केलेले (विद्युत प्रक्रियेने वर संरक्षक थर चढवलेले) ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त असून इमारतीच्या आतल्या मार्गिकेत उत्तम चालते. मात्र त्याचे आटे मऊ असल्याने पाटीला पुढून धरणारी स्टडची टोपी वारंवार फिरवून काढल्यास ते झिजतात. रस्त्यालगतच्या पाटीसाठी, टोपी हाताने फिरवून कोणी काढू नये म्हणून, बाजूला बारीक ॲलन स्क्रू (षटकोनी किल्लीने फिरणारा) असलेला प्रकार घ्यावा.

लांबीबाबत थोडक्यात एवढेच, की 12 ते 20 मिलिमीटर अंतर नेहमीच्या पाटीला पुरते आणि मागे एलईडी पट्टी असेल तरच 25 किंवा अधिक घ्यावे, कारण स्टड जितका लांब तितका स्क्रूवर वाकवणारा ताण अधिक.

वजनाची भीती मात्र अनाठायी असते. दीड फूट बाय एक फूट मापाची, 5 मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिक पाटी साधारण 830 ग्रॅम भरते आणि तेवढीच काच पावणेदोन किलोच्या आसपास. हा भार कोणताही बरा स्टड पेलतो. निसटते ती भिंतीतली गिट्टी, म्हणजे स्क्रू घट्ट धरण्यासाठी छिद्रात ठोकलेली खुंटी. आरसीसीमध्ये हॅमर ड्रिलने पाडलेल्या 6 मिलिमीटरच्या छिद्रात साधी नायलॉनची गिट्टी घट्ट बसते. विटांच्या भिंतीत केवळ गिलाव्यात बसलेली गिट्टी काही काळाने सैल होते, म्हणून स्क्रू गिलावा ओलांडून विटेत किमान 30 मिलिमीटर जाईल इतका लांब हवा. नव्या इमारतींतील एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा, ठिसूळ असतो. तेथे हॅमर बंद ठेवून छिद्र पाडावे आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी गिट्टी वापरावी. टाइल असेल तर ती पार होईपर्यंत हॅमर लावू नये.

बसवताना पाटीच्या मापाचा कागद भिंतीला चिकटवून, पाणसळीने आडवी रेषा तपासून, त्यावरच छिद्रांच्या खुणा कराव्यात. पाटी धरून तिच्या छिद्रांतून भिंतीत ड्रिल घातल्यास कडा तडकतात. पाटीतील छिद्र कडेपासून किमान आपल्या व्यासाच्या दुप्पट अंतरावर असावे आणि मजकूर मांडतानाच कोपऱ्यातील वेलांट्या व रफार टोपीखाली जाणार नाहीत हे पाहावे. ॲक्रिलिक उन्हाने वाढते: तापमान 30 अंशांनी बदलल्यास एक मीटर लांबीला सुमारे 2 मिलिमीटर. म्हणून मोठ्या पाटीतील छिद्र स्टडच्या दांड्यापेक्षा 1 ते 2 मिलिमीटर मोठे ठेवावे, दोन्ही बाजूंना नायलॉनचे वॉशर घालावेत आणि टोपी हाताने बसेल इतकीच आवळावी. आटे सैल होऊ नयेत म्हणून वापरले जाणारे लॉकिंग द्रव ॲक्रिलिकला लागल्यास बारीक भेगा पडतात, आणि थिनरने पुसल्यानेही तेच होते. पाटी साबणाच्या पाण्याने पुसावी. जवळपास टाइलचे काम चालू असल्यास ॲसिडने धुणे आटोपेपर्यंत स्टड लावूच नयेत, कारण त्या वाफेने 316 लाही गंज चढतो.