‘हात मेल्यासारखा धरा, दादा’

भोसरीत एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारून लोखंडी जिना वर जातो. वर एक खोली आहे. २०२३ च्या मार्चमध्ये तीन रविवार मी त्या खोलीत बसून हात लुळा असल्याचं सोंग शिकलो. बोटं माझी खरंच तुटलेली होती. तरीही सोंग शिकलो, आणि त्यासाठी पैसे मोजले.

आधी अपघाताचं थोडक्यात सांगतो. चाकणच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये मी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात (डायमध्ये) दाबणाऱ्या यंत्रावर होतो. दोन्ही हातांनी दाबायची बटणं असतात, म्हणजे स्ट्रोक पडताना हात डायबाहेर राहतात. आमच्याकडे उत्पादन वाढवायला ती बंद करून पायाचं पेडल दिलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये एकदा पेडल दाबलं आणि डबल स्ट्रोक पडला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलं. प्रेस लाइनवर काम केलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा होता म्हणून उपचार झाले, घरी होतो तेवढ्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्के दराने पैसे मिळाले. मग मेडिकल बोर्ड. बोर्डासमोर जाताना मी एक्स-रेची फिल्म न्यायला विसरलो, ती गावी होती. ही चूक माझी. कमाईची क्षमता किती गेली ते बोर्ड टक्क्यांत ठरवतं. माझे १३ टक्के धरले. माझा सरासरी रोज ५०० रुपये, त्याचे ९० टक्के ४५०, आणि त्याच्या १३ टक्के म्हणजे दिवसाला साडेअठ्ठावन्न रुपये. हे आयुष्यभर मिळणार होते. पण उजवा हात आहे, प्रेसवर परत कोणी घेणार नाही, आणि महिन्याला पावणेदोन हजार. पत्र आलं त्या रात्री बायको काहीच बोलली नाही. भाकऱ्या थापत राहिली.

तो भेटला दवाखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर. पांढरा शर्ट, काळी पँट, स्कूटरच्या डिकीत काळा कोट. टपरीवाला त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. कार्डावर ‘लेबर लॉ कन्सल्टंट’ होतं, नावाखाली बारीक अक्षरात ‘एलएल.बी. (अपिअर्ड)’. अपिअर्ड म्हणजे परीक्षेला बसलेला. पास झाला असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. माणूस एका अर्थी प्रामाणिकच, मीच वाचलं नाही.

माझं पत्र बघून तो हसला. म्हणाला, “तेरा? दादा, चाळीस करून देतो. चाळीस झाले की महिन्याला पाच हजार चारशे, वर अपंगाची पेन्शन, एसटीचा पास, सगळं. अपीलाला तीन महिने असतात, घाई करा.” तीन महिन्यांची गोष्ट मात्र खरी होती. एक खरी गोष्ट सांगितली की पुढच्या नऊ खोट्या खपतात.

पहिले ८,००० फी म्हणून. मग ५,००० टायपिंग आणि स्टॅम्पचे. मग १२,००० ‘तारीख लवकर लावायला’, म्हणजे कोणाला तरी द्यायला, असं डोळ्यांनीच सांगितलं. सगळे फोनपेवर, पण त्याच्या मेव्हण्याच्या नंबरला. बायकोने त्यातले दहा हजार बचत गटातून उचलले. शिवाय शंभराच्या स्टॅम्पवर करार झाला: वाढीव रकमेतला चौथा हिस्सा पाच वर्षं त्याचा. ओरिजिनल डिस्चार्ज कार्ड आणि गावाहून मागवलेली एक्स-रेची फिल्म त्याने ‘फाइलला लावायला’ ठेवून घेतली.

आणि मग सुनावणीची तयारी. “हात मेल्यासारखा धरा, दादा. मनगट सैल. अंगठासुद्धा हलवायचा नाही. पाण्याचा पेला दिला तर डाव्या हाताने घ्यायचा. सही करायला सांगितली तर अंगठा पुढे करायचा.” मी म्हटलं, साहेब, अंगठ्याला काही झालेलं नाही. “ते तुम्हाला माहीत, कोर्टाला नाही.” तिसऱ्या रविवारी त्याने ३,००० घेऊन एका डॉक्टरचा दाखला आणून दिला, उजव्या हाताची पकड शून्य. त्या डॉक्टरला मी आजपर्यंत पाहिलेलं नाही.

तारखांना तो मला कोर्टाच्या इमारतीत नेऊन बाकावर बसवायचा. “आत तुमचं काम नाही, बोलावलं तर या.” कोट घालून आत जायचा, दीड-दोन तासांनी यायचा, “पुढची तारीख पडली.” असं तीनदा. जुलैमध्ये चौथ्यांदा तो आलाच नाही, फोनही बंद. मी त्याने वहीत लिहून दिलेला नंबर घेऊन खिडकीवर गेलो. कारकुनाने रजिस्टर उलटसुलट पाहिलं. त्या नंबरचं प्रकरण कुठल्याशा कंपनीच्या वर्गणी वसुलीचं होतं. माझ्या नावाचं काहीच दाखल नव्हतं. तीन महिने मे मध्येच उलटून गेले होते.

इथून पुढचं नीट वाचा, कारण यासाठीच लिहायला बसलोय.

मी दोन महिने कोणालाही काही सांगितलं नाही. अट्ठावीस हजार गेले तरी गप्प. पोलिसात जायचं तर काय सांगणार? की मी खोटा दाखला विकत घेतला, हात लुळा दाखवायला शिकलो, साहेबाला द्यायला बारा हजार दिले? मी स्वतःलाच आरोपी समजत होतो. नंतर लक्षात आलं, ते तीन रविवार सुनावणीसाठी नव्हतेच. सुनावणी होणारच नव्हती. ते मला गप्प बसवण्यासाठी होते. त्याने मला त्याच्या खोटेपणात भागीदार करून घेतलं, म्हणजे पावती न देताही तो सुरक्षित. त्याच टपरीवर ओळख झालेल्या दुसऱ्या एकाला, त्याची चार बोटं गेली होती, त्याने हेच शिकवलं होतं. तोही गप्पच होता.

वाट दाखवली भाचीने. ती नर्सिंगला आहे. तिने वकिलाच्या सनदेचा, म्हणजे वकिली करायच्या परवान्याचा नंबर विचारला. मला तोवर सनद म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. वकिलांची नोंद ठेवणाऱ्या बार कौन्सिलकडे चौकशी केल्यावर कळलं, त्या नावाचा वकीलच नोंदलेला नाही. मग तिने १५१०० ला फोन लावला. कायदेशीर मदतीचा हा सरकारी नंबर आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, आणि त्याच्या १२ व्या कलमात फुकट वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगारही आहे, अपंग व्यक्तीही आहे. मी दोन्हीत बसत होतो. शिवाजीनगरला अर्ज दिला, आणि एक वकील मॅडम मिळाल्या.

मॅडमनी पहिल्याच दिवशी एक पान पुढे सरकवलं. ईएसआय कायद्याची दुसरी अनुसूची. त्यात बोटांचे दरच लिहिलेले आहेत, टक्क्यांत! पूर्ण अंगठा ३०. पूर्ण तर्जनी १४, दोन पेरं ११, एक पेर ९. मधलं बोट पूर्ण १२, एक पेर ७, हाड न जाता नुसतं टोक उडालं तर ४. अनामिका किंवा करंगळी पूर्ण ७. एका हाताची दोन बोटं पूर्ण गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. मी बोटावर बोट ठेवून मोजत बसलो. माझे ११ आणि ७, बेरीज १८. बोर्डाने एक्स-रेअभावी ९ आणि ४ धरले होते. माझ्या दुखापतीला चाळीस कुठूनही होत नव्हते, कितीही सोंग केलं तरी. हे एक पान मार्चमध्ये पाहिलं असतं तर टपरीवरच उठून गेलो असतो.

तो चाळीस आकडा कुठून आणला होता, तेही कळलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सवलतींसाठी ४० टक्क्यांची रेघ आहे. तो दाखला वेगळा, सरकारी रुग्णालयातून, यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर फुकट अर्ज करून मिळतो. ईएसआयचे टक्के कमाईची क्षमता किती गेली त्याचे. दोन्हींची खिचडी करून त्याने मला वाढली होती.

स्टॅम्पवरचा करार पाहून मॅडम हसल्याच. ईएसआय कायद्याच्या ६० व्या कलमाने हा लाभ दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही. आणि खऱ्या वकिलाला निकालातला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच बंदी आहे. म्हणजे ‘जिंकलो तर इतके टक्के’ म्हणणारा एक तर वकील नाही, किंवा नियम मोडणारा वकील आहे. (हे सगळं जुन्या कायद्याखालचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा कलमं आणि मुदती नव्याने विचारून घ्या.)

खरी तयारी कंटाळवाणी होती. दवाखान्यातून डिस्चार्ज कार्डाची नक्कल काढली. नवा एक्स-रे. अपघाताचा फॉर्म १२, पगाराच्या स्लिपा. उशीर का झाला त्याचा वेगळा अर्ज, विलंब माफीचा, आणि त्यात त्या माणसाची सगळी हकीकत. मी म्हटलं, खोट्या दाखल्याचं नको लिहायला. मॅडम म्हणाल्या, “लिहायचंच. तुम्ही तो कुठे वापरलेला नाही. लपवलंत आणि समोरच्याने काढलं, तर खरी बोटंही खोटी ठरतील.” मग वही दिली: सकाळी उठल्यापासून उजव्या हाताने काय जमतं आणि काय नाही, आठवडाभर लिहा. पेला धरता येतो. मोबाईल वापरतो. शर्टाचं बटण डाव्या हाताने. आठ एमएमचा नट उचलला की निसटतो. थंडीत टोकं ठणकतात.

साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी विचारलं, “मोटरसायकल चालवता?” आणि माझं मनगट आपोआप सैल पडलं. तीन रविवारांची सवय! मी हात सरळ केला आणि म्हटलं, चालवतो, पण पुढचा ब्रेक दोन बोटांनी दाबावा लागतो, अनामिका आणि करंगळी. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला वाटलं होतं संपलं सगळं. तसं काही झालं नाही.

उशीर माफ झाला. २०२४ मध्ये निकाल लागला, १८ टक्के. दिवसाला ८१ रुपये, मागचा फरक मिळाला. त्यातून बचत गटाचे दहा हजार आधी फेडले.

पोलिसात अर्ज दिला आहे. फसवणूक तर आहेच, शिवाय सनद नसताना वकिली करणाऱ्याला वकील कायद्याच्या ४५ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. चार बोटंवाल्यानेही माझ्यानंतर अर्ज दिला. त्याने फोनपेचे स्क्रीनशॉट जपून ठेवले होते, नंबर त्याच मेव्हण्याचा. खोलीला आता कुलूप आहे. झेरॉक्सवाला म्हणतो, पाच महिन्यांचं भाडं बुडवून गेला, आणि त्यालाही सांगून ठेवलं होतं की मी वकील आहे, भाडं कोर्टातून वसूल करून दाखव.