रत्नागिरीतलं स्कीचं मशीन: एका पावसाळ्याचा अनुभव

ट्रेडमिलच्या रांगेमागे, कोपऱ्यात ते उभं असतं. माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच, वर पंख्याची गोल जाळी, तिच्याखालून लोंबणाऱ्या दोन दोऱ्या आणि दोऱ्यांच्या टोकाला मुठी. पहिल्या दिवशी लेकीनं विचारलं, "आई, हे काय गो?" मी म्हटलं, "रहाट." आजोळी विहिरीवर आम्ही अशीच दोरी खाली खेचून पाणी शेंदायचो. ट्रेनर हसला. "मॅडम, स्की मशीन आहे. बर्फावर काठ्या मारत जातात ना, तसं." ज्या गावात पहाटे शाल लागली तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात, तिथे हे कोणी आणि कशाला आणलं, ते मालकालाही नीट सांगता आलं नाही. सेटमध्ये आलं म्हणाला.

जून ते सप्टेंबर आम्ही दोघी तिथे गेलो. माणशी महिना १,२०० रुपये. जिमचं नाव लिहीत नाही, कारण मालक ओळखीचा आहे आणि पुढे तक्रारी आहेत.

लेक नववीत, १७ वर्षांखालच्या गटात ३,००० मीटर पळते. एरवी सराव भाट्याच्या वाळूवर, ओहोटी बघून. मिरग लागला की संपलं. लाटा सुरूच्या झाडांकडे सरकतात, सड्यावरच्या जांभ्याला शेवाळ धरतं, आणि रस्त्यावर डबकं कुठलं नि खड्डा कुठला ते गाडीवाल्यांना कळत नाही तर पोरीला काय कळणार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. शालेय स्पर्धा मात्र पाऊस सरता सरताच लागतात. मी शाळेत १,५०० पळायचे तेव्हाही हेच होतं: मार्चपर्यंत जमवलेला दम गौरी-गणपतीपर्यंत गेलेला असायचा. दहावीनंतर मी सोडलंच. आता औषधाचं दुकान आहे, दिवसातून चारदा शटर वरखाली करते, तेवढाच व्यायाम.

तर हे मशीन वापरून बघू असं वाटलं ते किकन रँडल या अमेरिकन स्कीपटूमुळे. जुलैत लेकीनं मोबाईलवर तिची २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमधली शर्यत दाखवली. रँडल अलास्कातल्या अँकरेजची. शाळेत ती मुळात धावपटू होती, ईस्ट हायस्कूलची. ट्रॅकवर आणि क्रॉस कंट्रीत, म्हणजे माळरानावरच्या लांब धावेत, दोन्हीकडे राज्यविजेती. हिवाळ्यात तिकडे सगळं बर्फाखाली जातं, तेव्हा धावण्याचा दम टिकावा म्हणून ती स्की करायची. घरात स्कीची परंपराही होती, मावशी-मामांपैकी कोणी ऑलिंपिकला जाऊन आलेलं. पुढे स्कीच मुख्य झालं: २००२ ते २०१८ अशी पाच हिवाळी ऑलिंपिक, स्प्रिंटचा वर्ल्ड कप सलग तीन मोसम, २०१६ मध्ये मुलगा, आणि मग २१ फेब्रुवारी २०१८ ला जेसी डिगिन्सबरोबर टीम स्प्रिंटचं सोनं. स्वीडनच्या जोडीपेक्षा ०.१९ सेकंद आधी. अमेरिकेला क्रॉस कंट्री स्कीमध्ये (काठ्या मारत बर्फावर लांब जायचं ते) त्याआधी ऑलिंपिकचं एकच पदक होतं, बिल कॉकचं १९७६ चं रौप्य.

लेक त्या ०.१९ वर खूश. माझा जीव मात्र त्या शाळेतल्या हिवाळ्यांत अडकला. तिला बर्फानं अडवलं, तर दाराबाहेरच दुसरा खेळ तयार होता. आमच्याकडे पावसानं अडवलेल्या पोरांना काय असतं? कॅरम.

आता मशीनबद्दल. दोन्ही मुठी डोक्याच्या वर धरायच्या, पोट आत घेऊन कमरेतून वाकत, गुडघे थोडे मोडत, हात मांड्यांच्या मागे जाईपर्यंत खेचायचं, आणि सोडून परत उभं राहायचं. नुसत्या हातांनी खेचलंत तर तीन मिनिटांत दंड भरून येतात. पोटानं खेचलंत तर दहा मिनिटांनी दम लागतो, आणि तोच हवा असतो. खेचलं की पंखा फिरतो, जितक्या जोरात खेचाल तितकी हवा अडवते. मोटर नाही. बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका आहे. आमच्या ट्रेनरचा सगळ्यांना एकच मंत्र: "दहावर ठेवा, ताकद येईल." हे चूक आहे. खटका वर नेला की पंख्यात जास्त हवा शिरते आणि दोन खेचींच्या मधे तो लवकर मंदावतो, मग प्रत्येक वेळी भरलेली होडी वाळूवरून नव्यानं ढकलल्यासारखं होतं. लांब पळणाऱ्या पोरीला हलकी होडी आणि भरभर वल्ही हवीत. आम्ही चारवर ठेवायचो.

आणखी एक. जाळीत लाल धूळ आणि टॉवेलचे तंतू बसले की हवा कमी शिरते, म्हणजे तोच चार आकडा हलका लागतो. मशीनवरच्या छोट्या स्क्रीनवर, म्हणजे मीटरमध्ये, हवेचा प्रत्यक्ष अडथळा किती आहे तो आकडा दिसतो, तो बघून खटका लावायचा. मी ट्रेनरला हे दाखवलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही फार वाचता." जाळी शेवटी मीच घरच्या ब्रशनं साफ केली.

शाळेच्या सरांना पटलं नव्हतं. "हात ओढून पाय पळतात काय?" अर्धं बरोबर होतं त्यांचं, ते पुढे सांगते. पण छातीतल्या भात्याला हात की पाय ते कळत नाही. स्कीवाल्यांचा दम खेळाडूंमध्ये सगळ्यात मोठ्यांत मोजला जातो. उलट दिशेनंही जमतं: नॉर्वेची स्कीपटू तेरेसे योहाउग हिनं २०१९ मध्ये तिथली १०,००० मीटर धावण्याची राष्ट्रीय शर्यत जिंकली, साडेबत्तीस मिनिटांच्या आत. सरांना हे सांगितलं तर त्यांनी स्पेलिंग विचारलं आणि खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. माणूस वाईट नाही.

पैसे वसूल झाले ते ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी. वारा, पाऊस, आणि सातच्या सुमारास लाईट गेली. ट्रेडमिल जागच्या जागी थांबले, गाणी बंद (देवाची कृपा), पोरं मोबाईलचे टॉर्च लावून बॅगा भरायला लागली. हे मशीन चालूच. याचा मीटर टॉर्चमधल्या त्या जाड्या सेलांवर चालतो. लेक म्हणाली, "आई, टीम स्प्रिंट." त्या शर्यतीत दोघीजणी आळीपाळीनं तीन-तीन फेऱ्या मारतात, पहिली फेरी रँडलची होती आणि शेवटची डिगिन्सची. आम्ही ५०० मीटरची एक फेरी धरली. मी रँडल, वयामुळे. माझी पहिली फेरी २ मिनिटं ५२ सेकंद, तिची २:२६. तिसऱ्या फेरीला मला समोरची भिंत दिसत नव्हती, आणि ते अंधारामुळे नव्हतं. पंख्याचा भस्स भस्स आवाज आणि पत्र्यावर पाऊस, बाकी काही नाही. बॅगा भरलेली पोरं परत येऊन उभी राहिली आणि मोजायला लागली. एकानं दुसऱ्या दिवशी विचारलं, "काकू, आज पण आहे काय?"

आता सरांचं अर्धं बरोबर. या मशीनवर पाय आपटत नाहीत. गुडघेदुखीवाल्यांना ते चांगलं, धावणाऱ्यांना नाही, कारण हाडांना आणि नडग्यांना आपटण्याची सवय सुटते. सप्टेंबरच्या शेवटी वाळूवर उतरलो तर लेकीचा दम जागेवर होता, पण चौथ्या दिवशी नडग्या भरल्या आणि आठवडा फुकट गेला. नुसत्या मशीनवर राहू नका. पडवीत रोज दहा मिनिटं दोरीवरच्या उड्या मारा, जिना चढा-उतरा, पाऊस उघडला की अर्धा तास तरी पळा. हे मला जुलैत कळायला हवं होतं, ट्रेनरला तर त्याआधीच.

जिल्ह्याला ती चौथी आली, विभागाला गेली नाही. मागच्या वर्षीपेक्षा २१ सेकंद कमी लागले. त्यातले किती मशीनचे, किती तिच्या वाढलेल्या उंचीचे, ते मी सांगू शकत नाही.

बाकी जिम: खारट हवेनं डंबेल्सना गंज, मुठींवर ऑगस्टमध्ये पांढरी बुरशी (सोबत फडकं न्या), संडासाची कडी मोडकी, आणि गाण्यांचा आवाज इतका की शेजारच्या क्लासवाल्यांनी दोनदा तक्रार केली. फी परत मिळत नाही, पोराची परीक्षा आली तरी नाही. सकाळी सहाला गर्दी नसते आणि झाडू नुकताच मारलेला असतो, तेव्हाच जा. पावसाळ्यापुरते पाचपैकी चार, एरवी दोन. ऑक्टोबर ते मे समुद्र फुकट आहे.

मागच्या आठवड्यात डोकावले तर मशीनच्या मुठींना टॉवेल वाळत घातले होते आणि मीटर बंद. मालक म्हणाला, बिघडलंय, कंपनीला कळवायचंय. बिघडलेलं नाही, सेल संपलेत. ऑगस्टमध्येही मीच घातले होते, दुकानातून नेऊन. जाणार असाल तर दोन जाडे सेल खिशात ठेवा.