एमजीबीच्या कन्सोलसाठी नायलॉन ट्रिम संच आणि फेल्ट टेप: सांगलीत नऊ महिने वापरल्यावर

दसऱ्याला घेतलेला पाच पट्ट्यांचा ट्रिम संच (गाडीच्या आतली सजावट, म्हणजे ट्रिम, उचकटायच्या पट्ट्या), १९ मिमी रुंदीची फेल्ट टेप आणि दोन नंबरचा पॉझीड्राइव्ह स्क्रू ड्रायव्हर, एवढ्या सामानावर एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा मधला कन्सोल, म्हणजे दोन सीटांमधली पेटी, या काळात चार वेळा निघाला आणि चार वेळा बसला. आता आषाढ लागलाय. हिवाळ्यातली कोरडी हवा, चैत्र-वैशाखाचं ऊन आणि पावसाळ्याची सुरुवात, तिन्हींत सामान तपासून झालं. संचातल्या पाचपैकी दोनच पट्ट्या खऱ्या कामाच्या निघाल्या, पण साडेतीनशे रुपये त्या दोघींनीच वसूल केले. कन्सोल शाबूत राहिला याचं निम्मं श्रेय मात्र स्क्रू ड्रायव्हरला द्यायला हवं.

त्याचं कारण असं. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनली, आणि त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत ट्रिमचे स्क्रू बहुतेक पॉझीड्राइव्ह असतात. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात 'स्टार' म्हणून मागितला की फिलिप्स हातात पडतो. दोन्हींची खाच लांबून सारखीच दिसते. नीट पाहिलं तर पॉझीड्राइव्हच्या चार मोठ्या खाचांच्या मध्ये तिरक्या चार बारीक रेघा असतात. त्यात फिलिप्स घातला की तो जोर लावताच वर उसळतो, खाच गोल होते, आणि मग पक्कड, ड्रिल, कन्सोलवर ओरखडा, अशी माळ लागते. सांगलीच्या शंभर फुटी रोडवर दुरुस्तीला आलेल्या जुन्या गाड्यांचे खराब झालेले स्क्रू पाहिले तर बहुतेकांची कथा हीच असते. आधी हा स्क्रू ड्रायव्हर घ्या, पट्ट्या नंतर.

आता पट्ट्या. रुंद चपटी आणि अरुंद, टोकाला जरा वाकलेली, या दोन उत्तम. रेक्झिनच्या कडेखाली सरकतात, रंगाला धक्का लावत नाहीत. दुबोटी, म्हणजे खाच असलेली पट्टी प्लास्टिकच्या खटक्यांसाठी असते, आणि या गाडीच्या कन्सोलला तसे खटके जवळजवळ नाहीतच. इथे सगळं स्क्रूवर चालतं. शेकडो क्लिपांचा डबा सोबत विकतात तो म्हणूनच घेऊ नका. उरलेल्या दोन हुकासारख्या पट्ट्यांपैकी एक पौषातल्या थंडीत कट् करून तुटली. टोक आधी पांढरं पडलं होतं, तो इशारा समजायला हवा होता.

वेष्टनावर 'नायलॉन' लिहिलेलं असलं तरी पारखून घ्या. पट्टीच्या मुठीकडच्या टोकावर ॲसिटोनचा एक थेंब टाका. मिनिटभरात जागा चिकट झाली तर पट्टी एबीएस नावाच्या वेगळ्या प्लास्टिकची आहे, काहीच झालं नाही तर नायलॉन असण्याची शक्यता जास्त. नायलॉन पाणी शोषतं आणि त्यामुळे चिवट होतं. अगदी कोरडं असलं की ठिसूळ वागतं. थंडीच्या दिवसांत पट्ट्या रात्रभर कोमट पाण्यात ठेवून सकाळी वापरल्या तर फरक हाताला कळतो. एबीएसच्या पट्टीला याचा उपयोग नाही.

काढण्याची पद्धत थोडक्यात सांगतो, कारण पट्टीचं काम कुठे सुरू होतं ते त्याशिवाय कळणार नाही. हे सगळं सत्तरच्या दशकातल्या, आर्मरेस्ट असलेल्या कन्सोलबद्दल आहे. आधी चाकाला गुटका लावून गिअर न्यूट्रलला घ्या आणि बॅटरी सोडवा. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे तळाशी असतात. अर्थची वायर काढली की पुरे. हे टाळून चालत नाही. या गाडीतल्या ल्युकास कंपनीच्या वायरिंगमध्ये तपकिरी वायर फ्यूजशिवाय कायम चालू असते. ती पत्र्याला टेकली तर फ्यूज उडत नाही, वायरच जळते. जांभळीही कायम चालू, पण फ्यूजमधून. पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनची पण फ्यूजनंतरची, काळी अर्थ, लाल-पांढरी मीटरच्या दिव्यांची. रेडिओ बसवणाऱ्यांनी मधल्या पन्नास वर्षांत कुठली वायर कुठे जोडली असेल त्याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक जोडाला कागदी टेपची चिठ्ठी लावा आणि फोटोही काढा.

मग गिअरची मूठ. चेक नट सैल करून मूठ फिरवायची. पण १९७७ च्या मॉडेलपासून ओव्हरड्राइव्हचं (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरचं) बटण मुठीतच आलं, आणि दोन बारीक वायरी लिव्हरमधून वर येतात. अशी मूठ तशीच फिरवली की वायरी पिळवटून तुटतात. आधी वरची टोपी अरुंद पट्टीने हलकेच उचला, वायरी सोडवा, मग फिरवा. त्यानंतर गिअर बुटाच्या, म्हणजे लिव्हरभोवतीच्या पिशवीच्या, रिंगचे स्क्रू, आर्मरेस्टचं झाकण उघडून आतला स्क्रू, आणि कन्सोलची पेटी मागे सरकवत वर.

इथेच लोक जोर लावतात आणि इथेच कन्सोल फुटतो. पेटी अडली याचा अर्थ एक स्क्रू राहिलाय. भारतात राहिलेल्या जुन्या गाडीत कारखान्याच्या स्क्रूंशिवाय कुणी ना कुणी आणखी दोन-चार टोचलेले असतातच, आणि काहींवर नंतर रेक्झिन चढवलेलं असतं. एक छोटं जोरकस चुंबक दोऱ्याला बांधून कडेकडेने फिरवा. लपलेला स्क्रू लगेच सापडतो. तो सापडेपर्यंत पट्टी बाजूला ठेवा.

स्क्रू सगळे निघाले तरी रेक्झिन खालच्या पत्र्याला, गालिच्याला चिकटलेलं असतं. आता पट्टीची पाळी. आधी केस वाळवायच्या मशीनने ती कड गरम करा. हाताला छान गरम लागेल पण चटका बसणार नाही, साधारण ४५-५० अंश. जुन्या रेक्झिनमधलं मऊपणा देणारं द्रव्य उडून गेलेलं असतं. थंड असताना वाकवलं की चीर पडते, गरम असताना तेच निमूट वळतं. हीट गन वापरायचीच असेल तर लांबून आणि हलवत ठेवून. एबीएस शंभर अंशांच्या आसपास लुळं पडतं आणि मग मूळ आकारात येत नाही. सांगलीत मार्च ते मे या दिवसांत मशीनचीही गरज नाही, गाडी अकरा वाजेपर्यंत उन्हात उभी करा, सावलीत घ्या, कामाला लागा.

स्क्रूच्या भोकापाशी तडा गेलेला असेल तर तो बसवण्याआधी भरून घ्यावा लागतो. प्लास्टिक एबीएस आहे का ते वरच्याच थेंबाने, आतल्या बाजूला तपासा. असेल तर एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून मधासारखा घट्ट लेप करा. चुरा भंगारात मिळतो: स्कूटरचं तुटकं साइड पॅनेल घ्या, आतल्या बाजूला एबीएस असा ठसा बघून. पीपीचा (पॉलिप्रॉपिलीनचा) ठसा असेल तर परत ठेवा, ते ॲसिटोनमध्ये विरघळतच नाही. लेप आतून लावा, मागे जुन्या सुती कापडाची पट्टी बसवा, आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. आपल्या गाडीवरचे असे दोन जोड नऊ महिने टिकून आहेत. फेव्हिक्विकसारख्या गोंदाने केलेला जोड मात्र कंपनाने सुटतो, कारण तो कडक राहतो, वाकत नाही.

बसवताना फेल्ट टेप. संपूर्ण लेखातली मोठी शिफारस हीच. टेप साधारण ०.३ मिमी जाड असते. जिथे प्लास्टिक पत्र्याला किंवा प्लास्टिक प्लास्टिकला घासतं तिथेच लावायची. घासल्याच्या जागा शोधायला वेगळं काही लागत नाही, तिथे पत्रा चकाकलेला किंवा प्लास्टिक गुळगुळीत झालेलं दिसतं. रेडिओच्या पेटीची बाजू, आर्मरेस्टच्या बिजागरीखाली, ॲश-ट्रेचा साचा, एवढ्यांवर दीड मीटर पुरली. स्क्रूच्या बैठकीवर लावू नका, भोकं सरकतात. मोकळ्या वायरींच्या जुडग्याला तीच गुंडाळा. निम्मी खडखड वायरीच्या जोडांचीच असते. सांगली ते पेठ नाका जाऊन आलं की काय उरलंय ते कान सांगतात. साताऱ्याकडच्या मंडळींनी यवतेश्वरचा घाट चढून बघावा. तिथे गाडी वळणावर पिळते आणि सपाटीवर गप्प असलेली कुरकुर बोलू लागते.

फोमची चिकट पट्टी हा स्वस्त पर्याय म्हणून सुचवला जातो. घेऊ नका. पॉलियुरेथेन फोम दमट हवेत हळूहळू चुरा होतो, आणि कृष्णेकाठच्या पावसाळ्यात तर लवकरच. फेल्ट टेप नऊ महिन्यांनी काढून पाहिली: कड एका जागी उचलली होती, बाकी जशीच्या तशी. उचलली ती जागा गिअरबॉक्सच्या बोगद्यावरची, म्हणजे त्याला झाकणाऱ्या पत्र्याच्या फुगवट्यावरची, सगळ्यात गरम.

बोगद्याच्या उष्णतेसाठी खाली ब्यूटिल रबराची चादर चिकटवणार असाल तर एक लक्षात घ्या. दोन मिमीची चादर सगळीकडे लावली की कन्सोल तेवढाच वर उचलला जातो, स्क्रू भोकावर येत नाहीत, आणि माणूस लांब स्क्रू शोधायला जातो. लांब स्क्रूचं टोक बोगद्याच्या आत शिरतं. त्यापेक्षा स्क्रूच्या जागांभोवती आणि कन्सोलच्या कडेखाली चादर कापून मोकळी ठेवा आणि अर्ध्या इंचाचेच स्क्रू वापरा. डांबरी चादर नकोच, वैशाखात वितळून वास मारते.

स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा. जुना आटा जिथे सुरू होतो तिथे बारीक 'टक' जाणवतो. तिथून सुलटा, दोन बोटांच्या जोराने. सगळे स्क्रू अर्धे लावून मगच एकेक आवळायचे. नवीन आटा पडला की भोक तिसऱ्या वेळी सैल झालंच.

रेक्झिन पुन्हा चिकटवायला कुशनवाले वापरतात तेच रबर सोल्युशन चालतं. दोन्ही बाजूंना पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. पावसाळी हवेत ते लावू नका: द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं, पांढुरकी साय दिसते आणि जोड महिनाभरात उलगडतो. जूनमध्ये घाई करून चिकटवलेली आर्मरेस्टची एक कड अशीच सुटली. मेमधल्या तिन्ही कडा पक्क्या आहेत.

नवा गिअर बूट घेणार असाल तर बसवण्याआधी चारही गिअर आणि रिव्हर्स लावून पाहा. बूट कुठेही ताणला जाता कामा नये. आमच्याकडे कुशनवाल्याने शिवलेला पहिला बूट जाड रेक्झिनचा होता आणि दुसऱ्या गिअरला लिव्हर पुढे ओढत होता. एमजीबी पाच लाखांवर बनल्यामुळे तिचे नवे भाग इंग्लंडमध्ये आजही तयार होतात, पण एवढ्यासाठी तिकडून मागवायची गरज पडली नाही. पातळ चामड्याचा, प्रत्येक बाजूला बोटभर सैल शिवलेला दुसरा बूट फेब्रुवारीपासून बसलेला आहे. सुटलेली आर्मरेस्टची कड आता दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर चिकटवायची. तोवर ती फेल्ट टेपवर आहे.