मातीचा तलाव की कोल्हापुरी बंधारा?

सप्टेंबर 2025 मध्ये धाराशिव, बीड, लातूरला पुराने शेतांतली माती खरवडून नेली. तेव्हापासून आमच्याकडे ग्रामसभेत हाच वाद आहे: ओढ्यावर मातीचा तलाव मागायचा की कोल्हापुरी बंधारा, म्हणजे काँक्रीटच्या खांबांमध्ये फळ्या बसवून पाणी अडवणारा?

पूर रोखायचा असेल तर माझं मत मातीच्या तलावाला. तो पावसाचा लोंढा पोटात घेतो आणि जास्तीचं पाणी सांडव्यावाटे सावकाश सोडतो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यात काढूनच ठेवायच्या असतात, म्हणजे पूर आरपार जातो. त्या परतीच्या पावसानंतर बसवायच्या, रब्बीच्या पाण्यासाठी. काम चांगलं, पण वेगळं.

मात्र मातीचा तलाव निगा मागतो. त्याच्या भरावाच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर. गाभ्यातून पाणी फारसं झिरपत नाही, पण हीच काळी माती उघडी पडली की उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. भरावावर बाभळी वाढल्या, मुळं कुजली, घुशींनी बिळं केली की पाण्याला वाट मिळते. पायथ्याशी निघणारं पाणी नितळ असेल तर नुसती नजर ठेवा; गढूळ आलं तर भरावाची माती वाहून चालली आहे, त्याच क्षणी खालची वस्ती हलवा. सर्वांत मोठा धोका सांडवा बुजण्याचा. पाणी माथ्यावरून गेलं की मातीचा भराव काही तासांत फुटतो. बंधाऱ्याचं काँक्रीट पाणी डोक्यावरून जाऊ देतं.

म्हणून तलाव मागताना सांडव्याची दरवर्षीची सफाई मे महिन्यातच, ठरावात लिहून घ्या.