वडोदऱ्यातल्या कांसेसाठी घेतलेली पर्यावरण जीवशास्त्रज्ञाची सेवा: एका अभियंत्याचा अभिप्राय

वडोदऱ्यात पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणाऱ्या ओहोळांना कांस म्हणतात. मसिया कांस, रूपारेल कांस, भूखी कांस ही नावं इथे जुन्या माणसांना ठाऊक होतीच, ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर ती घराघरांत बोलली जाऊ लागली. अशाच एका कांसेचं विश्वामित्री नदीला मिळणारं तोंड रुंद करायचं नियोजन आमच्या कचेरीकडे आलं होतं. मी तेव्हा नोकरीत होतो. त्या कामासाठी आम्ही एका ज्येष्ठ पर्यावरण जीवशास्त्रज्ञांची सल्लासेवा घेतली. त्यांचं नाव इथे देत नाही, मॅडम म्हणतो. अशा सेवेत नेमकं काय मिळतं, पैसे कशाचे मोजायचे आणि कामाच्या आदेशात काय लिहून घ्यायचं, हे आम्हा अभियंत्यांना कुणी सांगत नाही, म्हणून हा अभिप्राय.

आधी एक सांगतो. या माणसाला नकाशावर रेषा आखायच्या आधी बोलवा. रेषा आखून, मंजुरी घेऊन, रक्कम ठरवून मग बोलावलंत तर त्यांच्याकडून फक्त अहवाल मिळेल. आधी बोलावलंत तर काम सुधारेल.

याआधीच्या एका प्रकल्पात आम्ही स्वस्तातली सेवा घेतली होती. अहवाल जाडजूड, छायाचित्रं रंगीत, आणि प्राण्यांच्या यादीत चक्क घडियाल! विश्वामित्रीत घडियाल नाही, इथे आहे ती मगर. घडियाल चंबळचा. कुठल्या तरी दुसऱ्या अहवालातली यादी जशीच्या तशी उचललेली होती आणि ती आमच्या फायलीत कुणाच्याही हरकतीशिवाय बसली होती. त्यामुळे मॅडमच्या पहिल्या बैठकीला मी फार अपेक्षा न ठेवता गेलो.

त्यांनी आराखडा पाहिला, पूररेषा पाहिली आणि विचारलं, "साहेब, माती कोणत्या महिन्यात उचलणार?"

मी म्हटलं, "नेहमीसारखं. मार्चमध्ये आदेश निघेल, पावसाळ्याआधी संपवायचं."

"म्हणजे अगदी अंड्यांच्या दिवसांत."

हा मुद्दा सविस्तर सांगायला हवा, कारण तो एकट्या आमच्या कामाचा नाही. आपलं सरकारी वर्ष ३१ मार्चला संपतं. रक्कम मंजूर व्हायची, निविदा उघडायची, ठेकेदाराने यंत्रं आणायची, हे सगळं होईतो एप्रिल उजाडतो, आणि जूनच्या मध्यापर्यंत खोदकाम आटोपावं लागतं. मगरीचं वर्ष वेगळं चालतं. थंडीत ती काठावर उन्हाला येते, हिवाळ्याच्या शेवटी जोड्या जमतात, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. एका घरट्यात पंचवीस-तीस अंडी सहज असतात. दोन महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात, आणि तोवर मादी जवळपासच असते. म्हणजे आपला जेसीबी काठावर उतरतो तेव्हाच ती घरटं राखत बसलेली असते. यात कुणी दुष्ट नाही, फक्त दोन वेळापत्रकं एकमेकांवर पडली आहेत. इतकी वर्षं निचऱ्याची कामं करून हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विश्वामित्री आमच्या शहराच्या मधून, कमाटीबागेला लागून वाहते!

मॅडमचा उपाय सरळ होता. निविदा दोन भागांत करा. नदीकाठाची माती नोव्हेंबर ते जानेवारीत काढा, आणि आतल्या बाजूचं, वस्तीतल्या कांसेचं बांधकाम एप्रिल-मेमध्ये करा. थंडीतही मगरी काठातल्या बिळांत असतात, म्हणून रोज यंत्र सुरू करण्याआधी तो टप्पा चालत तपासायचा.

मी म्हटलं, "दोन निविदांसाठी वर लिहावं लागेल, मॅडम. कारण विचारतील."

"मग लिहा ना साहेब. मी एक पानाचं टिपण देते, कलमांसकट."

ते एक पान म्हणजे या सेवेतली सगळ्यात मोलाची वस्तू. मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. पण त्या कायद्याच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणं, त्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेदेखील शिकारीतच मोडतं, हे आमच्या कचेरीत कुणाच्याही ध्यानात नव्हतं. शिवाय आमच्याकडे एक समज पक्का बसला होता: २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या कामांना आधी पर्यावरण मंजुरी लागते त्यांची यादी आहे, तीत आपलं काम येत नाही, म्हणजे जीवशास्त्रज्ञाची गरज नाही. मॅडमनी शांतपणे दाखवून दिलं की यादीत नसलेल्या कामालाही वन्यजीव कायदा तेवढाच लागू असतो. हे टिपण वर गेलं आणि निविदा दोन भागांत करायला परवानगी मिळाली.

आता पाहणीबद्दल. मी मुद्दाम त्यांच्यासोबत गेलो. वनखात्याला कळवून रात्री काठाने टॉर्च मारत मोजणी होते, मगरीचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. अंतर जास्त असलं आणि लांबीचा अंदाज येईना, की मॅडम वहीत "फक्त डोळे" असंच लिहायच्या, उगाच आकडा ठोकून द्यायच्या नाहीत. हिवाळ्यात सकाळी ऊन वर चढलं की काठावर पहुडलेल्या मगरी वेगळ्या मोजायच्या. पोट घासत उतरल्याच्या खुणा, बिळांची तोंडं, मऊ पाठीच्या कासवांच्या जागा, सगळं जीपीएसवर. झाडांची नुसती संख्या नाही. जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर, आणि कोणत्या झाडाच्या मुळांनी काठ धरून ठेवलाय त्याची वेगळी खूण. आमच्या यादीत एक वाकलेला जुना करंज "काढणे" या रकान्यात होता. त्याच्याखालची माती दाखवून त्या म्हणाल्या, "हा गेला की पुढच्या पावसात तुम्हाला इथे दगड भरावे लागतील." तो राहिला.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट मात्र गाळातून निघाली. मॅडमनी कांसेच्या तळाची माती चाळणीत धुतली. लालभडक अळ्या आणि दोऱ्यासारखे बारीक किडे निघाले. या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू जवळजवळ नसलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. स्वच्छ पाण्यात दगडांखाली सापडणारे नाजूक कीटक एकही नव्हते. "पावसाळी पाणी नाही हे साहेब, सांडपाणी येतंय. वरच्या बाजूला शोधा." शोधलं. आमच्या नकाशात नसलेली एक गटारजोडणी निघाली. तोंड कितीही रुंद केलं असतं तरी त्या जोडणीतला मैला नव्या कांसेतून थेट नदीत गेला असता. आराखड्यातली ही उणीव जीवशास्त्राच्या चाळणीत सापडली, याचा मला आजही आनंद आहे.

त्या नुसत्या प्राणीच पाहत नव्हत्या. म्हशी पाण्यावर आणणाऱ्या भरवाडांशी, काठावर कपडे धुणाऱ्या बायकांशी तासन्‌तास बोलल्या. गुजरातेत मगर खोडियार मातेचं वाहन. त्या काठावरचे लोक तिला हात जोडतात आणि तिच्या जागा बरोबर ओळखतात. म्हशी कुठे उतरतात, मगर कुठे बसते, दोघांची वेळ कोणती, हे सगळं नकाशावर आलं आणि गुरांसाठीचे उतार त्यानुसार ठरले.

आमच्या मूळ आराखड्यात दोन्ही काठांना उभी काँक्रीट भिंत होती. मॅडमनी सुचवलं: खोलगट मधला प्रवाह तसाच ठेवा, रुंदी एकाच काठाला पायरीसारखी काढा, समोरचा काठ झाडांसकट अजिबात शिवू नका. उताराला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, वर वाळा आणि गवत. भिंत घातली की पाणी वेगाने खाली जातं आणि खालच्या वस्तीला त्रास होतो, हे आम्हा अभियंत्यांना कळायलाच हवं होतं. मगरीची बाजू त्यांनी सांगितली: उभ्या भिंतीवर तिला चढता येत नाही, मग पुरात ती जिथे उतार मिळेल तिथून बाहेर येते, आणि तो उतार पुष्कळदा सोसायटीच्या फाटकाशी असतो. २०२४च्या पुरात मगरी वस्तीत आलेल्या आम्ही सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

आणखी एका गोष्टीसाठी त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. प्रत्येक सूचना त्यांनी अंदाजपत्रकाच्या बाबींत बसवून दिली. घरट्यांवर राखण करणाऱ्या माणसाची रोजी, कुंपणाचं कापड, रोजच्या तपासणीची नोंदवही, रोपांना तीन वर्षं पाणी. "अहवालात लिहिलेलं ठेकेदार वाचत नाही, दरपत्रकातलं वाचतो," असं त्या म्हणाल्या. बाब असली की बिल निघतं, बिल निघतं म्हणून काम होतं. सरकारी कामाची एवढी जाण असलेला जीवशास्त्रज्ञ मला आधी भेटला नव्हता. ज्येष्ठ या शब्दाला इथे खरा अर्थ आहे. पदवीधर मुलं पाहणी उत्तम करतात, पण निष्कर्ष निविदेत कसा उतरवायचा हे अनुभवानेच येतं.

आता ज्या गोष्टी जड गेल्या त्या. वेळ लागतो. हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळ्यानंतरचा काळ पाहिल्याशिवाय मॅडम ठाम बोलत नव्हत्या, आणि वरून रोज "अहवाल कुठे" असा फोन यायचा. त्यांचं बरोबर होतं, पण नियोजनात हे वर्ष आधीच धरलेलं नसेल तर ओढाताण होते. मगरींचा एकच आकडा त्यांनी दिला नाही, इतक्यापासून इतक्यापर्यंत असा दिला. बैठकीत वरच्या साहेबांना तो आवडला नाही. मला तो प्रामाणिक वाटला. अहवाल पूर्ण इंग्रजीत होता. साइटवरच्या मुकादमासाठी गुजरातीत दोन पानं मागून घ्यावी लागली, ती मात्र लगेच मिळाली. पुराचं गणित त्या करत नाहीत, त्यासाठी जलविज्ञानाचा माणूस वेगळा लागतो. त्या दोघांना एकत्र बसवणं ही तुमची जबाबदारी.

मोबदला स्वस्त नाही. त्यातला मोठा भाग जागेवर पाहणी करणाऱ्या माणसांचा, बोटीचा आणि प्रयोगशाळेचा असतो. तिथे काटछाट केलीत तर घडियालवाला अहवाल मिळेल.

आदेशात एवढं लिहून घ्या: पाहणी कोणत्या ऋतूंत, प्रत्यक्ष जागेवर कोण जाणार त्यांची नावं, कच्च्या नोंदवह्या आणि जीपीएसचे बिंदू कचेरीला मिळतील, आराखड्याचे निदान दोन पर्याय त्यांच्यासमोर ठेवले जातील, आणि काम संपल्यावर दोन पावसाळे त्या पुन्हा येऊन पाहतील. हे शेवटचं आमच्या आदेशात नव्हतं. पैसे अहवालाबरोबर संपले. मॅडम पहिल्या पावसाळ्यानंतर आपणहून आल्या आणि पिचिंगच्या खालच्या टोकाला माती सुटतेय हे दाखवून गेल्या. ती दुरुस्ती झाली, पण त्या फेरीची रक्कम आम्हाला देता आली नाही. तुम्ही ती आधीच धरा.